मामीचे हिरवे टोमॅटो

आमची मामी म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. डांबरी रस्ता गावाला पोचला त्याच दिवशी तिनं दलालाला तोंडावर सांगितलं, "उद्यापासून माझे टोमॅटो मी विकणार." इतकी वर्षं हा गृहस्थ जीप घेऊन दारात यायचा, रस्त्याच्या नावानं बोटं मोडायचा आणि माल अर्ध्या भावात उचलायचा. तो नुसता हसला. "या की, बाजारात भेटूच." मामीची झोपच उडाली. तोंडघशी पडली तर पुन्हा त्याच्याच पायरीला जाणं आलं.

सकाळी मी टेम्पो लावला, मामीनं रात्रीच भरून गोणपाटानं झाकलेले क्रेट चढवले. नव्या बाजारात पत्र्याखाली ओटाही चांगला मिळाला. मामीनं पदर खोचून गोणपाट ओढलं आणि माझं डोकं फिरलं. सगळा माल हिरवागार, दगडासारखा.

"मामी, हे काय?"

"मग? पिकलेले आणले तर वाटेत रस होतो."

"कुठल्या वाटेत?"

मामीनं वळून त्या गुळगुळीत डांबरी रस्त्याकडं बघितलं. जन्मभराची सवय, हात आपोआप कच्च्याकडेच गेले होते.

गिऱ्हाईकं यायची, दाबून बघायची, पुढं जायची. एका बाईनं तर विचारलं, "हे खायचे की खेळायचे?" तेवढ्यात दलाल हजर. "द्या वहिनी, अर्ध्या भावात नेतो. आपली जुनी ओळख." मामीचे डोळे भरले होते, पण मान नाहीच म्हणाली.

"क्रेट उचल," ती मला म्हणाली.

घरी पोचलो तर मामाचा सकाळचा चहाच चालला होता. "विकले एवढ्यात?"

"विकायचे ते न्यायला आलोय. कप ठेव आणि खुडायला ये."

पिकलेले झाडावरच होते. एरवी ते जनावरांच्या पुढ्यात जायचे. भराभर खुडले आणि निघालो. मोठ्या खड्ड्याची जागा आली तशी मामीनं डोळे मिटून क्रेट पोटाशी धरला. काहीच झालं नाही. "गेला मेला एकदाचा," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. पूर्वी एका फेरीत दिवस मावळायचा. आम्ही जेवणवेळेआधी परत ओट्यावर होतो.

संध्याकाळी क्रेटचा तळ दिसायला लागला तेव्हा दलाल घुटमळत आला. "घरी न्यायला किलोभर द्या, वहिनी."

"घ्या निवडून, भावजी. भाव मात्र पूर्ण."

त्यानं मुकाट्यानं निवडले. मामीनं तोलून दिले आणि कोपऱ्यात राहिलेला एक हिरवा वर टाकला.

"हा जुन्या ओळखीचा," ती म्हणाली.