कानपिळीचा मान

अतुलच्या चेहऱ्याची डावी बाजू काश्मीरमध्ये गेली. गस्तीच्या गाडीखाली सुरुंग फुटला, गाडी पेटली आणि ड्रायव्हरला बाहेर ओढताना त्याचा कान, पापणी, ओठाचा कोपरा सगळं भाजून निघालं. पुण्याच्या दवाखान्यात अकरा ऑपरेशनं झाली. धाकटी बहीण चैताली परंदवडीच्या कंपनीतली पाळी संपवून तिथं यायची, त्याच्या ओठांतून सांडणारी पेज पुसायची.

"दादा, माझ्या लग्नात नवऱ्याचा कान तूच पिळायचा. जल्मभर आठवला पायजे त्याला!"

त्या बोलण्यावर अतुल पुन्हा जगायला तयार झाला.

लष्करातून पेन्शन घेऊन तो आंदर मावळातल्या गावी आला, तेव्हा गावानं हार घातले. महिनाभरात लहान पोरं त्याला बघून आईच्या पदरात शिरायला लागली, तसं त्यानं देवळाच्या पारावर बसणं सोडलं. घरात मात्र सगळं ठीक होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

चैतालीचं तळेगावच्या गौरवशी जमलं. बघणं झालं, साखरपुडा झाला. दरवेळी आई, चिमाबाई, म्हणायची, "तुला ऊन सोसत न्हाई बाबा, तू घरीच ऱ्हा." त्याला ते खरंच वाटलं. ऊन सोसत नव्हतंच.

लग्न कार्ल्याच्या कार्यालयात होतं. टेम्पोतून उतरताच आईनं त्याला मागच्या बाजूला नेलं. "आचाऱ्याकडं लक्ष दे. भात कमी पडला तर अब्रू जाईल. कानपिळीला मी हाक मारते."

नवा सदरा घालून अतुल चुलाणांजवळ खुर्ची टाकून बसला. मंगलाष्टका झाल्या. हाक आली नाही. आला तो माईकवरचा आवाज.

"वधूचे बंधू अतुल हे सीमेवर तैनात असल्यामुळे आज येऊ शकले नाहीत. त्यांच्या वतीनं कानपिळीचा मान चुलतबंधू प्रज्ञेश यांना."

टाळ्यांचा कडकडाट झाला. निम्मं कार्यालय त्याच्या गावचं होतं, सकाळी त्याच्याबरोबरच टेम्पोंतून आलेलं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

अतुल उठला आणि सरळ मांडवातून चालत स्टेजवर चढला. वाजंत्री चुकली. गौरव दचकला, पण लगेच सावरून हसला. "हे कोण, चैताली?"

चैतालीनं मुंडावळ्यांआडून दादाकडं पाहिलं.

"लांबचे नातेवाईक आहेत," ती म्हणाली.

अतुलला वाटलं, सांगून टाकावं. एका वाक्याचं काम होतं. त्यानं तिच्या हातावरची मेंदी पाहिली. "व्हय, लांबचाच," म्हणाला आणि खाली उतरला.

तो हायवेवर बसची वाट बघत असताना त्याचे वडील, सखाराम, धापा टाकत आले. "पोरीचं लगीन हाय रं. समजून घे. त्या लोकांनी तुला बघून नकार दिला असता तर?"

"दिला व्हता का त्यांनी?"

आबा येणाऱ्या गाड्यांकडं बघू लागले.

"दवाखान्यात चार महिने मला आरसा दिला नव्हता, आबा. दिला तवा मी रडलो न्हाई. आज तुमी समद्यांनी मिळून दाखवला."

तो घरी परतला नाही. लोणावळ्याला एका ओळखीच्या सुभेदारांच्या घरामागची खोली घेतली. चैतालीचे फोन येत राहिले, त्यानं एकही उचलला नाही.

दोन महिन्यांनी गौरव एकटाच दारात उभा राहिला. त्याला कुणीतरी खरं सांगितलं होतं.

"मला काहीच फरक पडला नसता हो. त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?"

"तुमी मला इचारलंच न्हवतं," अतुल म्हणाला. "तिला इचारलं व्हतं. आन् तिनं सांगितलं."

अतुलनं त्याला आत बोलावून चहा दिला, घरच्या गोष्टी केल्या, गाडीपर्यंत सोडायलाही निघाला. वाटेत गौरव म्हणाला, "चैताली गाडीत बसलीय."

अतुल तिथूनच मागं फिरला.