मिस्तरींच्या कमरेवरचे म्यान

खुंटीला अडकवलेल्या वस्तूकडे फारसे कुणी निरखून पाहत नाही. माझ्याकडे पाहिलेच, तर तुम्हाला वाटेल, हे चष्म्याचे घर असावे, नाहीतर एखाद्या हत्याराची पिशवी. मित्रांनो, मी एक जुने चामड्याचे म्यान आहे. तलवारीचे नव्हे, पिस्तुलाचे. घाबरू नका. आता मी रिकामे आहे, आणि रिकामे झाल्यापासूनच मला खरे सुख लागले आहे. ते कसे, तेवढे ऐका.

एका अरुंद दुकानात माझा जन्म झाला. तिथे एक म्हातारा कारागीर पिशव्या, पट्टे आणि कुत्र्यांचे गळपट्टे शिवत बसे. त्याने जाड चामडे रापीने कापले, पाण्यात भिजवले, लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवले आणि आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घातले. ओले चामडे ठोकळ्याचा आकार घेते आणि वाळले की तो सोडता सोडत नाही. म्हणून माझ्या स्वभावात थोडा हट्टीपणा आहे, तो तुम्ही समजून घ्या.

मला न्यायला आले ते लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्तरी. हातात हेल्मेट, बोटांना ग्रीस, आणि नजर सारखी दाराकडे.

"फिरता कशावर?" म्हाताऱ्याने विचारले.

"मोटारसायकलवर. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत."

"मग पाठीच्या मधोमध बांधू नका. गाडीवरून आडवे झालात तर मणक्याचं काही खरं नाही. बाजूला बांधा, कमरेच्या हाडाच्या जरा मागे. झाकण मी असं घट्ट देतो की गाडी खड्ड्यात उडाली तरी आतलं हलायचं नाही."

"पण कुणाला दिसायला नको."

"ते माझ्या हातात नाही, बाबा. ते वाऱ्याच्या हातात." म्हातारा हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काम मात्र झकास झालंय हं!" माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

तुम्ही विचाराल, लिफ्टच्या मिस्तरीला पिस्तूल कशाला? सांगते. एका उंच इमारतीत मिस्तरी बंद लिफ्टच्या डोक्यावर उभे राहून तारा तपासत होते. तेव्हा दाराच्या फटीतून त्यांना दिसले की जिन्याजवळ दोन माणसे तिथल्या वॉचमनला मारत आहेत. वॉचमन जगला, पण कायमचा लंगडा झाला. पाहणारे एकटे मिस्तरी. ते साक्ष द्यायला तयार झाले आणि त्यांना फोन यायला लागले. फोनवरचा माणूस शिवी देत नसे. गोड आवाजात एवढेच म्हणे, "लिफ्टवर चढणारा माणूस कधी ना कधी घसरतोच, नाही का?"

मिस्तरींनी रीतसर परवाना काढला, पिस्तूल घेतले, आणि आम्ही दोघे त्यांच्या कमरेला लागलो. घरात बायकोशिवाय कुणाला पत्ता नव्हता. कामावरच्या मित्रांना तर धमकीचीसुद्धा खबर नव्हती.

म्हाताऱ्याचे बोलणे पहिल्याच दिवशी खरे ठरले. मोटारसायकलवर माणूस पुढे वाकतो, जॅकेट मागून वर सरकते, आणि वारा त्यात शिरून त्याचा फुगा करतो. मिस्तरी प्रत्येक सिग्नलला एका हाताने जॅकेट खाली ओढत. त्यांच्याबरोबर काम करणारा जाड्या एकदा शेजारी गाडी थांबवून म्हणाला, "काय रे, लाजतोस काय सारखा? नवी नवरी पदर ओढते तसं चाललंय तुझं!" मिस्तरी हसले, पण माझ्या बाजूची त्यांची कंबर दगडासारखी ताठ झाली. मी त्यांच्या अंगाला चिकटून असे, मला सगळे कळे.

शेवटी बायकोने तोड काढली. जॅकेटची खालची शिवण उसवली, त्यात मिस्तरींच्या डब्यातले लोखंडी वायसर, म्हणजे नटाखाली घालायच्या चकत्या, ओळीने भरले आणि शिवण पुन्हा घातली. जॅकेट जड झाले, वाऱ्याला हार गेले नाही. "घ्या," ती म्हणाली, "आता तुम्हीच उडालात तर उडालात, जॅकेट नाही उडायचं." दोघेही हसले. 

पण वारा थांबला तरी एक अडचण राहिलीच. तिचे नाव भिंगरी. मिस्तरींची धाकटी लेक, एका जागी कधी उभी न राहणारी, म्हणून भिंगरी. रोज सकाळी मिस्तरी तिला शाळेत सोडत. ती मागे बसून बाबांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारी, पाठीवर गाल टेकवी आणि रस्ताभर बडबडत असे. मी आले, आणि तिचा उजवा हात नेमका माझ्यावर पडू लागला.

"कमरेला धरू नकोस," मिस्तरी म्हणाले. "मागे लोखंडी कडी आहे ना, ती धर."

"का पण, बाबा?"

"सांगितलं ना एकदा! मोठी झालीस आता."

भिंगरीने कडी धरली. तिची बडबड हळूहळू कमी झाली आणि मग बंदच पडली. मित्रांनो, मी बोलू शकले असते तर त्या पोरीला खरे कारण सांगितले असते. पण म्यानाचे कामच मुळी झाकण्याचे. मला माझ्या कामाची पहिल्यांदा लाज वाटली.

एके सकाळी शाळेच्या अलीकडच्या वळणावर बांधकामाची बारीक खडी सांडलेली होती. मिस्तरींनी ब्रेक दाबला आणि गाडी अगदी सावकाश, जणू दमून बसावी तशी आडवी झाली. बाबांना धरून असती तर भिंगरी त्यांच्या अंगावर पडली असती. पण तिने इमानदारीने कडी धरली होती. ती बाजूला फेकली गेली आणि कोपरावर आपटली. मिस्तरी उजव्या अंगावर, म्हणजे माझ्यावर पडले. माझे झाकण घट्ट राहिले, आतले पिस्तूल तसूभरही हलले नाही. म्हाताऱ्याचा हात खरा! मात्र वायसरांनी जड झालेली जॅकेटची कड गरकन उलटली आणि मी भर रस्त्यात उघडे पडले.

आजूबाजूची माणसे धावत आली. चांगली माणसे होती. एकाने गाडीची चावी बंद केली, एक बाई पदराने भिंगरीचे कोपर पुसायला वाकली. तेवढ्यात कुणीतरी ओरडले, "अरे, त्याच्याकडे पिस्तूल आहे!"

क्षणात सगळे मागे सरकले. वाकलेली बाईसुद्धा. समोरच्या एका सोनाराच्या दुकानाचे दार खाडकन ओढले गेले.

"परवाना आहे माझ्याकडे," मिस्तरी कण्हत म्हणाले. "माझ्या पोरीला उचला हो कुणीतरी! तिला लागलंय!"

कुणी पुढे आले नाही. त्यांचे काय चुकले? त्यांना माणूस दिसत नव्हता, मीच दिसत होते. मोकळ्या पडलेल्या रस्त्यात भिंगरी एकटी बसली होती. मग ती स्वतःच उठली, कोपर धरून बाबांजवळ आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ह्याच्यामुळे धरू नको म्हणायचास?"

मिस्तरींनी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं, माझे हात चिकट असतात म्हणून." आणि मग ती रडायला लागली.

मिस्तरींना लागलेला मार काही दिवसांत बरा झाला असता. पण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागले.  

पोलीस आले, त्यांनी परवाना पाहिला आणि बापलेकीला डॉक्टरांकडे पोहोचवले. घरी आल्यावर बायकोने आधी लेकीला जवळ घेतले आणि मग नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला भीती एका माणसाची. आज अख्खा रस्ता तुम्हाला भ्यायला. ह्यात आपण कमावलं काय?"

"मग काय करू? साक्ष सोडून देऊ?"

"कोण म्हणतंय सोडा? पण हे ओझं एकट्याच्या कमरेला कशाला?"

तिने चप्पल घातली आणि ती तडक मिस्तरींच्या मित्रांकडे गेली. जे इतके दिवस झाकले होते ते तिने सगळे सांगून टाकले. संध्याकाळी आमच्या एवढ्याशा खोलीत तेल-ग्रीसचा वास घेऊन सगळे मिस्तरी दाटीवाटीने बसले. जाड्या तर उखडलाच होता.

"एवढं होऊन तू आम्हाला बोलला नाहीस? आम्ही काय लिफ्टची बटणं आहोत, काम पडलं की दाबायला?"

"तुम्हाला कशाला संकटात घालायचं," मिस्तरी पुटपुटले.

"आता घालच! उद्यापासून तुझ्या पुढे एक गाडी, मागे एक गाडी. आणि मला पुढे ठेवा. मी पुढे असलो की मागचं काही दिसत नाही कुणाला!"

सगळे खळखळून हसले. भिंगरीसुद्धा, प्लास्टर घातलेला हात सांभाळत.

दुसऱ्याच दिवशी मिस्तरींनी पिस्तूल पोलीस ठाण्यात रीतसर जमा केले. परवान्याच्या अर्जात त्यांनी 'जिवाला धोका' एवढेच लिहिले होते; येणाऱ्या फोनची तक्रार त्यांनी आता पहिल्यांदाच लिहून दिली. आणि मी रिकामे होऊन खुंटीवर आले.

खोटे कशाला बोलू, मला आधी फार वाईट वाटले. रोजचा वारा गेला, अंगाची ऊब गेली. खुंटीवर धूळ बसू लागली. साक्षीच्या दिवशी तर जीव टांगणीला लागला. मिस्तरी रिकाम्या कमरेने घराबाहेर पडले, पाठोपाठ मोटारसायकलींचा आवाज दूर गेला. दिवसभर मी दाराकडे डोळे लावून होते.

ती सगळी परतली ती गोंगाट करतच. "हेल्मेट घालूनच पिंजऱ्यात उभा राहिला हो!" जाड्या सांगत होता. "न्यायाधीशबाई म्हणाल्या, अहो, इथे नाही कुणी पडत, काढा ते!" मिस्तरी लाजून हसत होते. पण जे पाहिले ते त्यांनी एका दमात, आवाज न कापता सांगितले होते. लंगडा वॉचमन बाहेर त्यांचा हात धरून कितीतरी वेळ उभा होता म्हणे. नंतर फोन हळूहळू बंद झाले. "बोलायचं ते बोलून झालं," मिस्तरी बायकोला म्हणाले, "आता मला गप्प करून कुणाला काय मिळणार?"

मित्रांनो, चामड्याला अधूनमधून तेलाचे बोट लागते, नाहीतर ते तडकते. मिस्तरी कधी आठवणीने लावतात, कधी विसरतात. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना तुम्ही विसरू नका, एवढी विनंती. आणि माझ्यासारखे काही कधी भरलेले दिसले, तर त्याला हात लावू नका, लगेच मोठ्यांना हाक मारा. मोठ्यांनाही माझे सांगणे आहे. भीती लपवायची झाली की घरातल्या कुणाला तरी दूर ढकलावे लागते. त्यापेक्षा ती चार माणसांत बोलून टाका.

भिंगरीचे प्लास्टर निघाले त्या सकाळी मी खिडकीतून पाहत होते. ती मागच्या सीटवर चढली आणि सवयीने कडी धरून बसली. मिस्तरींनी गाडी सुरू केली नाही. हात मागे नेऊन त्यांनी तिचे दोन्ही तळवे शोधले, पुढे ओढले आणि आपल्या कमरेभोवती घट्ट लपेटून घेतले. उजवा हात बरोबर माझ्या जागेवर आला. रस्त्याच्या टोकाला गाडी वळेपर्यंत तिची बडबड मला ऐकू येत होती.