मोरॅगबाईची फुली

सरकारला माणूस दिसत नाही, चिठ्ठी दिसते. म्हणून कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळावर घोडेस्वार पोलिसांचा शिपाई पास्को दर मंगळवारी घरोघर फेरी मारायचा आणि प्रत्येक घरातून छापील चिठ्ठीवर सही आणायचा: पोलीस येऊन गेला, तक्रार नाही.

फेरीतलं शेवटचं घर लाखलन आणि मोरॅग गिलिस या नवराबायकोचं. स्कॉटलंडची बेटं सोडून आलेली ही दोघं टेकाडामागे मातीच्या ढेकळांच्या घरात राहायची. मोरॅगबाईला लिहिता येत नव्हतं. ती फुली काढायची आणि दर वेळी म्हणायची, "तक्रार कुणाची करू, पोरा? वाऱ्याची? त्याला धरून नेशील?" मग काळा चहा पुढे ठेवायची. आठवड्यात तिच्या दारात येणारं ते एकच माणूस.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी थंडी अशी पडली की घोडीच्या नाकपुड्यांत बर्फ धरला. पास्को चार मैल अलीकडे एका गुरंवाल्याच्या घरी शेगडीशी बसला तो त्याला उठवेना. चार मैल जायचं, चार परत यायचं, आणि तिथे ऐकायचं काय, तर तक्रार नाही. त्याने गिलिसांच्या चिठ्ठीवर स्वतःच फुली मारली. फुली काय, कुणाचीही सारखीच. आळशाला अशा वेळी अक्कल बरोबर सुचते.

पुढच्या मंगळवारी तो टेकाडावर चढला, तेव्हा घरापुढच्या खांबाला लाल परकर बांधलेला दिसला. गोठून फळीसारखा ताठ झालेला.

"लाखलनला रविवारी ताप भरला," मोरॅगबाई सांगू लागली. "मंगळवारी तू येशील म्हणून परकर बांधला. लांबून दिसला तर तसाच मागे फिरून डॉक्टर आणशील, म्हटलं. दिवसभर दारात उभी होते. गुरुवारी गेला तो."

जमीन दगडासारखी झालेली, खणणार कशी? तिने नवऱ्याला घोंगडीत गुंडाळून गोठ्यात गाईशेजारी ठेवलं होतं.

 मृत्यूची खबर ठाण्यावर द्यावीच लागते, ती पास्कोने दिली. चिठ्ठीचं मात्र गिळलं.

तीन दिवसांनी सार्जंट डॉबनी पास्कोला घेऊन चौकशीला आला. ती चिठ्ठी त्याच्या खिशातच होती.

"नवरा रविवारपासून आजारी. मंगळवारी आमचा माणूस तुमच्या दारात. आणि बाई, तुमची तक्रार नाही?" त्याने चिठ्ठी टेबलावर सरकवली. "ही फुली तुमचीच का?"

पास्को दाराशी उभा होता. खोटी चिठ्ठी म्हणजे तुरुंग, वर हाकलपट्टी. सार्जंट त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याला खोटेपणाचा वास आला होता हे उघड होतं.

मोरॅगबाईने चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"माझीच," ती म्हणाली.

"मग डॉक्टर का नाही मागितलात?"

"उतरेल ताप, असं वाटलं. माझंच चुकलं."

सार्जंटने तिच्याकडे पाहिलं, मग पास्कोकडे पाहिलं. तो प्रेत बघायला गोठ्याकडे गेला.

"बाई..." पास्को म्हणाला. "का?"

"माफ केलं असं समजू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला नेलं तर दुसरा कुणी येईल, नाहीतर येणार पण नाही. थंडी त्यालाही वाजतेच. तू मात्र आता येशीलच. मी इथे एकटी आहे, पोरा. मंगळवारी दार वाजायला हवं."

पास्को गेला. पुढच्या मंगळवारी बर्फ घोडीच्या पोटापर्यंत होता, तरी गेला. परकर खांबावरून उतरला होता. मोरॅगबाईने काळा चहा ओतला, कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने चिठ्ठी आणि टाक तिच्यापुढे सरकवला. तिने हात पुढे केला नाही.

"तूच काढ," ती म्हणाली. "तुला येते."

शाई गोठली होती. त्याने दौत चहाच्या गरम कपाला टेकवून ती वितळवली आणि तिच्या समोर फुली काढली. तक्रार नाही, हे वर छापलेलंच होतं.