गुडघ्यावरचे हात

"अहो काका, काकूंनी पाय पुन्हा ओढला! धरा, धरा!"

सिस्टर ओरडली तसा सलूनवाल्याने बायकोचा गुडघा दोन्ही हातांनी गादीवर दाबून धरला. यंत्राची टींटीं थांबली. जांघेतल्या नळीतून तिचं रक्त यंत्रात जात होतं आणि गाळून परत अंगात येत होतं. पाय वाकला की नळी दबायची. रक्त आतच गोठलं, तर तेवढं सगळं वाया. सकाळी एकदा गेलंच होतं.

वजन कमी करायचं ऑपरेशन नीट झालं, ती घरी आली, आणि आठवडाभरात जठराचा टाका उसवला. विष रक्तात भिनलं. डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडून शिवलं, तरी रक्तदाब वर यायचं नाव घेईना. आता सगळी भिस्त औषधांवर आणि रक्तातलं विष गाळणाऱ्या या यंत्रावर होती.

"दमलात तर सांगा. पाय बांधून ठेवू."

"बांधू नका हो. दिवसभर लोकांची डोकीच तर धरतो मी."

सिस्टर हसली. त्याला मात्र स्वतःच्या जिभेची चीड आली. ती मुळातच सैल. दुकानात कात्रीबरोबर तोंडही चालू. असंच एकदा तो गिऱ्हाइकांना म्हणाला होता, "आमची ही स्कूटरवर मागे बसली की पुढचं चाक उठून नमस्कार करतं!" सगळं दुकान खदाखदा हसलं. बायको दारात उभी होती. डबा ठेवून गेली. पुढे ऑपरेशनची तारीख घेऊनच आली, तेव्हा 'कशाला' म्हणून विचारायची त्याची छाती झाली नाही.

पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा घसरला. डॉक्टर धावत आले, औषध वाढवलं. गुडघा थरथरत वर येऊ लागला.

"हलू नकोस गं," तो पुटपुटला. "झालंच. झालंच बघ."

त्याच्या हातांना मुंग्या आल्या, पाठ भरून आली. त्या बोलण्याची लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी होती. त्याने हात काढले नाहीत.

संध्याकाळकडे आकडा सावरला आणि टिकला. औषध निम्म्यावर आलं. फिल्टरचं काम संपलं, तशी सिस्टर म्हणाली, "सोडा आता, काका. बघा, डोळे उघडलेत."

तिच्या तोंडात श्वासाची नळी होती. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिचा सुजलेला हात चादर चाचपू लागला. पाय उघडाच होता. तो लगबगीने पांघरूण घालायला वाकला.

तिने त्याचा हात बाजूला सारला. बोटा-बोटाने ओढत तिने चादर स्वतःच गुडघ्यावर घेतली. तो हात मागे घेऊन उभा राहिला.