ओळीनंतरची जागा

ते डूल आपलेच. ओडेसाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं — तबकड्यांच्या खोक्याच्या झाकणावर, काळ्या-पांढऱ्या फोटोत, अठरा वर्षांची इझोला मान तिरपी करून हसतेय, आणि तिच्या कानात ते चिमट्याचे मोत्यांचे डूल, जे त्या उन्हाळ्यात ओडेसाने गादीखाली, पिठाच्या डब्यात, अगदी कुत्र्याच्या खोपटातसुद्धा शोधले होते. नेलेस ते नेलेस, वर फोटोही काढून घेतलास... आणि आता माझे डूल जगभर दुकानांत मांडून ठेवलेत! तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाच मग राग आला.

चर्चमधून येऊन बराच वेळ झाला तरी अंगावरचा पांढरा पोशाख तिने उतरवला नव्हता. दाराशी उभं राहून लोकांना बाकांवर बसवायचं काम तिच्याकडे. या वयात पाय भरून येतात, पण ते काम ती कुणाला देत नाही. शेगडीवर कोलार्डचा पाला टर्कीच्या मानेबरोबर रटरटत होता. संध्याकाळी डेट्रॉइटहून धाकट्या बहिणीचा, इझोलाचा, फोन यायचा होता, दर रविवारी येतो तसाच. गेल्या रविवारी इझोला म्हणाली होती, "माझी सुरुवातीची गाणी एकत्र काढलीयेत त्यांनी, डेसा. मी एकटीने गायलेली, सगळी. तुला पाठवलीयेत. आणि या वेळी भाजी करपतेय म्हणून फोन ठेवायचा नाही."

"करपली तर तू येणारेस का मेम्फिसला भांडं घासायला?"

"येईन. आधी ऐक."

एकटीने गायलेली. या शब्दाशीच तर ओडेसाचं वाकडं होतं. रेडिओवर तो आवाज लागला की ती बटण फिरवायची, कुणाच्या लग्नात कुणी ती तबकडी लावली की मुलांना पाहायच्या निमित्ताने अंगणात निघून जायची. आधी आईची बंदी होती — देवाच्या घरात गायलेला गळा दारूच्या अड्ड्यांत विकायचा नाही — पण आईला जाऊनही कितीतरी वर्षं झाली, आणि बंदी मात्र तशीच राहिली, ओडेसाची स्वतःची म्हणून. आज ऐकलं नाही तर? इझोला पुन्हा विचारणार नाही. गेल्या रविवारी फोन ठेवताना तिचा आवाज थकलेला होता, आणि ही थकलेली इझोला ओडेसाला सहन होत नव्हती.

रेकॉर्ड प्लेअरच्या झाकणावर आईचा फोटो, चर्चमधले पुठ्ठ्याचे पंखे, नातवंडांची बक्षिसं. तिने एकेक उचलून सोफ्यावर ठेवलं, आईचा फोटो उगाचच भिंतीकडे तोंड करून. मग सुई टेकवली.

अरे देवा... किती कोवळी! ऑर्गन, त्यामागून ढोलाचा सावकाश ठेका, आणि ती पोर गातेय — *दिवा अजून मी विझवला नाही* — आणि ओळ संपते, आणि ती थांबते. ठेका चालू राहतो, ती मात्र नाही. थांबते ती थांबतेच. ऑर्गनवाला बिचारा गोंधळून एक सूर जास्तीचा धरतो. पुढची ओळ. पुन्हा तेच. खोक्यातल्या पुस्तिकेत कुण्या विद्वानाने यावर पानभर लिहिलं होतं — ही धाडसी शांतता, हा एकाकी स्त्रीचा उच्चार, वगैरे.

कसलं धाडस न् कसलं काय, लेका. ती वाट बघतेय.

चर्चमध्ये इझोलाने ओळ टाकायची आणि ओडेसाने झील धरायची, हे लहानपणापासूनचं. आणि ओडेसा उशिरा यायची. आधी डोळे मिटायचे, मग नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, मगच सूर. गायकवृंद शिकवणाऱ्या सिस्टर प्रुएट करवादायच्या, "ओडेसा टॉलिव्हर, तू येईपर्यंत येशू परत येऊन जाईल!" सगळे हसायचे. इझोला हसायची नाही. ती थांबायची, मान झाकणावरच्या फोटोत आहे तशीच तिरपी करून. ती थांबलेली जागा ओडेसाला आपल्या श्वासाइतकी ठाऊक होती... आणि आत्ता तीच जागा या गाण्यात होती. जशीच्या तशी, तेवढीच लांब. दुसऱ्या कुणाला एवढा वेळ लागत नाही.

पण त्या दिवशी का नाही थांबलीस? मागच्या दाराशी, हातात बॅग, बाहेर शिकागोला जाणारी कुणाची तरी मोटार. "चल ना माझ्याबरोबर, डेसा." एवढंच म्हणाली होती. ओडेसाने डोळे मिटले, श्वास घेतला, आणि बाहेर हॉर्न वाजला. डोळे उघडले तर जाळीचं दार हेलकावत होतं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये आईने इझोलाच्या जागी ओडेसालाच पुढे उभं केलं. ती ओळ टाकायची आणि मागून वीस बायका ताबडतोब झील धरायच्या, वक्तशीर. गाताना इझोला आपल्याला विसरली, असं समजून तिने सगळं आयुष्य काढलं. आणि ती पोर तिकडे अनोळखी माणसांत, चोरलेले डूल घालून, ओळीओळीला जागा सोडत होती.

आणि मी काय म्हणणार होते? हो की नाही? खरंच आठवत नाही. कदाचित ते कधी ठरलंच नव्हतं.

तिने बाजू बदलली, आणखी दोनदा ऐकली. चौथ्या गाण्यात तिचे ओठ हलले, पण आवाज काढायची लाज वाटली, घरात कुणी नसताना. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने येऊ दिलं. भाजी करपली. तिने नुसती शेगडी बंद केली.

फोन वाजला.

"ऐकलंस?" इझोलाने विचारलं. आणि थांबली.

डेट्रॉइटमध्ये कुठेतरी टीव्ही चालू होता, तोही कुणीतरी बंद केला. ओडेसाने डोळे मिटले. डुलांवरून आधी भांडावं, की करपलेल्या भांड्यावरून, की त्या दिवशी का थांबली नाहीस ते विचारावं — काहीच ठरलं नव्हतं, आणि या खेपेला ते ठरवायची घाईही नव्हती. तिने नाकाने सावकाश श्वास घेतला. पलीकडे इझोला थांबलेलीच होती, आणि बाहेर कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.