मधल्या बोटावरचा वळ

मी एक जुना लाकडी यो-यो आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. त्याला कारणही तसंच आहे. मला कुणाच्याही बोटाला बांधतात, खाली भिरकावतात आणि वर अपेक्षा अशी, की मी गुणी बाळासारखं परत यावं. असं आयुष्य वाट्याला आलेल्याने कुणावर भरवसा ठेवायचा?

लेथवर लाकूड कातणाऱ्या एका बाईंनी मला घडवलं. त्यांनी दोन गोल चकत्या कातल्या, मधल्या बारीक दांडीवर घट्ट बसवल्या आणि लाल रंग दिला. मग दोरी ओवून मला एकदा खालीवर केलं. "डुगडुगत नाही हं हा," त्या म्हणाल्या. ही माझी पहिली शाबासकी. पुढे दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस काढले. गिऱ्हाइकं मला उचलायची, दोरी ओढून बघायची आणि नाक मुरडून परत ठेवायची.

शेवटी एका नर्सने मला आपल्या मुलीसाठी घेतलं. मुलगी लहानखुरी आणि सदा लगबगीत, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. आईने मला तिच्या हातात ठेवलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वाढदिवस नाही, परीक्षेचा निकाल नाही, मग भेट कशासाठी? माझी शंका खरी निघाली. आईला प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं, आणि ती परत येईपर्यंत मुंगीला आजोबांकडे राहायचं होतं.

आजोबा म्हणजे आईचे वडील. चमच्यांच्या कारखान्याच्या फाटकावर सुटणाऱ्या कामगारांची झडती घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. कामगार त्यांना मागून 'चाळणी' म्हणायचे. नोकरी संपली, पण हात काही थांबले नव्हते. मुंगी आली त्या संध्याकाळी त्यांनी सवयीने तिची बॅग टेबलावर उपडी केली आणि त्या पसाऱ्यातून मला उचललं.

"हे काय आहे?"

"यो-यो आहे, आजोबा."

"ते दिसतंय. आत काय आहे?"

"आत काही नसतं."

त्यांनी मला कानाशी धरून हलवलं, नखाने खरवडलं. मुंगीचा चेहरा एवढासा झाला. तिने एकेक वस्तू मुकाट्याने बॅगेत भरली आणि मला पुठ्ठ्याच्या डब्यात घालून खिडकीत ठेवलं. त्यानंतर त्या घरातलं बोलणं "जेवलीस?" "हो." "गृहपाठ?" "झाला." एवढ्यावर आलं.

एके दिवशी मुंगी शाळेत गेल्यावर आजोबा आमच्या खोलीत आले. त्यांनी दार लावून घेतलं, पडदा ओढला आणि डबा उघडला. आज हा माणूस माझे दोन तुकडे करून आत बघणार, असं वाटून माझा जीव टांगणीला लागला. पण आजोबांनी दोरीचा फास मधल्या बोटात अडकवला, इकडेतिकडे पाहिलं आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं मला सोडलं. मी खाली जाऊन लटकलो. त्यांनी जोरात हिसका दिला, तसा मी उसळलो आणि त्यांच्या हनुवटीवर आदळलो.

"अरे लबाडा!" ते पुटपुटले.

हे रोज चालू झालं. आजोबा मला फेकायचे, पण मी तळाला पोचायच्या आतच खेचायचे. मी वाकडा व्हायचो, दोरीला पीळ पडायचा, आणि ते मला तसाच गुंडाळून डब्यात ठेवायचे. हा माणूस नेमकं काय करतोय, हे माझ्याही लक्षात येत नव्हतं.

डब्याला कुणीतरी हात लावल्याचं मुंगीच्या मात्र पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं. पिळाकडे पाहून तिने डोळे बारीक केले. मग डोक्यावरचा एक केस तोडून डब्याच्या झाकणावर आडवा ठेवला. दुसऱ्या दिवशी केस जागेवर नव्हता. नात शोभली आजोबांची! मला बोलता येत असतं तर मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं असतं. पण आमच्या नशिबी नुसतं ऐकणं.

तिने आईला फोन लावला. "आई, मला घेऊन जा. आजोबा मी नसताना माझ्या वस्तू चाळतात."

"अगं, त्यांना विचारलंस का?"

"विचारून काय होणार? नाहीच म्हणतील."

आईने रविवारी येते म्हणून सांगितलं. पलीकडच्या खोलीत आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. त्या दिवशी कितीतरी वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

शनिवारी शाळा लवकर सुटली. मुंगीने खोलीचं दार ढकललं तेव्हा आजोबा मधोमध उभे होते आणि मी त्यांच्या गुडघ्याशी गटांगळ्या खात होतो.

"काय करताय?"

"धूळ पुसत होतो."

"मग बोटाला काय झालंय?"

दोरीने मधल्या बोटावर जांभळा वळ उठला होता. आयुष्यभर दुसऱ्यांना पकडणारा माणूस पुरता पकडला गेला. त्यांनी हात मागे घेतला, मग हळूच पुढे केला.

"शिकत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, तुझ्याशी बोलायला काहीतरी विषय तरी होईल."

"मग टाकून दाखवा," मुंगी म्हणाली. तिचा अजून विश्वास बसला नव्हता.

आजोबांनी मला फेकलं. मी तिरपा गेलो, टेबलाला धडकलो आणि अर्ध्यावर येऊन मान टाकली. मुंगीने बराच वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"खरंच शिकताय तुम्ही," ती म्हणाली. "इतकं वाईट कुणी मुद्दाम टाकूच शकत नाही."

आणि दोघंही हसत सुटली.

मग शिकवणी सुरू झाली. तिने आधी मला मोकळं लोंबकळू दिलं. मी गरगरलो, दोरीचा पीळ सुटला. दोरी आजोबांना आखूड होती, म्हणून त्यांच्या बेंबीपर्यंत येईल अशी नवी दोरी बांधली. "तळवा वर. मूठ खांद्याशी न्या. कोपर पुढे. आता मनगट सैल सोडून सरळ खाली टाका, आणि तळवा लगेच पालथा करा."

आजोबांनी टाकलं आणि पुन्हा घाईने खेचलं.

"आजोबा, तुम्ही त्याच्यावर संशय घेताय! तो येतो परत. आधी जाऊ तर द्या."

आजोबांनी मला पुन्हा नीट गुंडाळलं. पुढच्या खेपेला मी सरळ खाली गेलो, दोरीच्या टोकाशी क्षणभर घुमलो आणि हलक्या इशाऱ्यावर टप्पकन त्यांच्या तळव्यात आलो. एवढा मऊ झेल मला कुणाकडूनच मिळाला नव्हता.

रविवारी आई आली. "बॅग भरलीस?" तिने विचारलं.

"ते राहू दे," मुंगी म्हणाली. "आजोबा, आईला दाखवा ना!"

आईने वडिलांना खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. मी त्यांच्या हातात परत आलो तेव्हा ती टाळ्या वाजवायला विसरली.

"बाबा," ती म्हणाली, "लहानपणी माझं दप्तरही तुम्ही रोज उपसायचात."

आजोबा माझी दोरी गुंडाळत राहिले. "विचारायला हवं होतं गं," ते म्हणाले. "तुलाही."

संध्याकाळच्या बसने आई एकटीच परत गेली.

त्याला आता खूप वर्षं झाली. मुंगी मोठी होऊन कामाला लागली आहे. आजोबांची बोटं सांधेदुखीने सुजतात, त्यामुळे फास बोटात जात नाही. मी आटलेल्या पेनांबरोबर खणात पडून असतो. माझा रंग उडालाय आणि दोरीचे धागे सुटू लागलेत.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरच्या खणात माझा कुणी भाऊबंद पडला असेल तर त्याला बाहेर काढा. दोरी विरली असेल तर तुटायची वाट बघू नका, आधीच बदला. नाहीतर आम्ही खिडकीची काच फोडतो आणि नाव आमचंच खराब होतं. पीळ पडला तर चिडून ओढू नका, आम्हाला थोडा वेळ लोंबकळू द्या. आणि नवं काही शिकाल ते दार लावून शिकू नका. दार सताड उघडं ठेवा. हनुवटीवर आपटलं तर आपटू दे. घरातलं कुणीतरी हसेल, आणि तेवढ्यावरून बोलणं सुरू होईल.