कडेचा मिल्टन

लीबेर मास्तरांनी कॉम्प्युटरात टीव्हीचं कार्ड बसवून घेतलं आणि आमच्या शेजाराला दृष्ट लागली.

मी टीव्ही दुरुस्त करतो. बत्तीस वर्षं करतोय. ला तेहा वस्तीतल्या आमच्या गल्लीत असा एक टीव्ही नाही ज्याचं मागचं झाकण मी उघडलेलं नाही. आणि भूगोल शिकवणाऱ्या माणसानं मला घरी बोलावून, खिडकीच्या तावदानाएवढ्या पडद्यावर बातम्या दाखवून वर विचारावं, "कसं काय चित्र, विल्मार?" मला झोंबणार नाही तर काय!

"चित्र?" मी म्हटलं. "मास्तर, बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतोय. तिनं मान हलवली की कडेला कंगव्याचे दात उमटतात."

"पण रेघ न् रेघ दिसते की नाही? शिवाय साठवून ठेवता येतं."

"असलं चित्र साठवून काय लोणचं घालायचंय?"

मास्तर हसले. त्यांचा हाच स्वभाव मला सहन होत नाही. मी घरी येऊन माझा एकोणतीस इंची लावला. तीच बाई, पण काय तिचे गाल, काय ती लाली! माझ्या हाताखालून गेलेल्या टीव्हीत माणूस कसा भरल्या अंगाचा दिसतो. गिऱ्हाईक टीव्ही परत नेताना म्हणतं, "अरे, चित्र मोठं झालं की!" आणि मी मिशीतल्या मिशीत हसतो.

आता मिल्टनचं सांगतो. मिल्टन माझा मेव्हणा. पहाटे बेकरीत बिस्कोचो, म्हणजे छोटे गोड पाव, भाजतो आणि उरलेला दिवस गातो. वय सेहेचाळीस, लग्न नाही, आईजवळ राहतो, म्हणजे आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत. गेली तीन वर्षं कार्निव्हल तोंडावर आला, गाणाऱ्या पथकांची जुळवाजुळव सुरू झाली की तो आईला सांगायचा, "आई, पथकात निवड झाली." सासूबाई, म्हणजे दोन्या सुलमा, गल्लीभर सांगत सुटायच्या. मग कळायचं की निवड-बिवड काही नाही, हा कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसून टेबलावर ताल धरतोय. सासरे जन्मभर पथकात गायले. त्यामुळे बाईंना ते फार लागायचं.

यंदा मात्र तो म्हणाला, "दाजी, यंदा खरंच झाली. शप्पथ."

पथकांच्या स्पर्धेची पहिली फेरी टीव्हीवर होती. सासूबाईंचे गुडघे गेलेत, खुल्या नाट्यगृहाच्या पायऱ्या त्यांना या जन्मी चढवायच्या नाहीत. म्हणून अर्धी गल्ली माझ्या एकोणतीस इंचीसमोर जमली. सासूबाईंनी ठेवणीतला निळा झगा घातला होता, केसांना पिना लावल्या होत्या, जणू मिल्टनच त्यांना बघणार होता.

पथक आलं. रंगवलेले चेहरे, डोक्यावर दीड-दीड हात उंच टोप्या. गाणी झाली, टोमणे झाले, लोक हसले. पाऊण तास आम्ही डोळ्यांत तेल घालून बघत होतो. जाडा दिसला, टकला दिसला, बेकरीतला दुसरा भट्टीवालाही दिसला. मिल्टन कुठेच नाही. गल्लीतल्या बाकीच्यांनी आपापल्या घरी पाहिलं होतं. त्यांनाही दिसला नव्हता.

सासूबाई उठल्या, काठी टेकत मागे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिल्टनला येर्बा, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, द्यायचं थांबवलं. आमच्याकडे सकाळी त्या सुक्या पोकळ भोपळ्यात येर्बा भरतात, आधी स्वतः नळीनं ओढतात, मग तोच भोपळा आणि तीच नळी एकेकाच्या हातात जाते. मी, माझी बायको मिर्ता, मिल्टन, पुन्हा मी. आता भोपळा मिर्ताकडून थेट त्यांच्याकडे परत जायचा. मिल्टन समोर बसून हात पुढे करायचा आणि रिकामा हात मागे घ्यायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

"आई, मी होतो गं तिथे! शेवटचा, कडेला!"

"कडेला म्हणजे बारच्या का?"

पथकाचा म्होरक्या स्वतः येऊन छातीवर हात ठेवून सांगून गेला. सासूबाई म्हणाल्या, "पथकवाले एकमेकांसाठी पाहिजे तेवढ्या शपथा घेतात. माझा नवरा घ्यायचा, मी ओळखून आहे." खरं सांगायचं तर माझाही विश्वास उडाला होता. माझ्या टीव्हीत नाही म्हणजे नाहीच, असं मी चारचौघांत बोलूनही गेलो.

रविवारी दुपारी लीबेर मास्तर कुंपणावरून म्हणाले, "विल्मार, मिल्टननं बरा हात उंचावला हो. पण डावा का?"

"कुठला मिल्टन? कसला हात?"

"पहिल्या फेरीत. उजव्या कडेला उभा होता ना? मी साठवून ठेवलंय."

मी हसायच्या तयारीनं गेलो. मास्तरांनी लावलं. तेच बटाटे, तेच कंगवे. पण चित्राच्या माथ्यावर एक पांढरी रेघ थरथरत होती आणि ती बघताच मी खुर्ची पुढे ओढली. ती रेघ टीव्हीवर कधी दिसत नाही. ती कडेचा कचरा असते. प्रत्येक टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या झाकतो, म्हणजे कचरा दिसू नये. कॉम्प्युटर काही झाकत नाही, येईल ते सगळं दाखवतो.

आणि उजव्या कडेला, अगदी शेवटच्या दोन-तीन बोटांच्या जागेत, रंगवलेला अर्धा चेहरा आणि एक हात. सगळ्या पथकाचा उजवा हात वर, त्याचा एकट्याचा डावा. मिल्टन जन्माचा डावरा. मधे उभा केला तर शेजाऱ्याच्या नाकावर हात बसतो, म्हणून त्याला टोकाला ठेवला असणार.

"टीव्हीत कसा नाही दिसला?" मास्तरांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. म्हणून तर जास्त लागलं.

कसा दिसेल? कंपनी बोटभर झाकते. मी दुरुस्तीला आलेला प्रत्येक टीव्ही आतून आणखी ताणतो, दोन बोटं तरी. चित्र मोठं दिसतं, चेहरे भरतात, गिऱ्हाईक खूश. गल्लीतले सगळे टीव्ही माझ्या हातचे. म्हणजे सगळ्या गल्लीच्या पडद्यावरून मिल्टनला मीच पुसला होता.

मास्तरांनी कॉम्प्युटर उचलून आमच्याकडे आणला, सासूबाईंसमोर लावला. त्यांनी चष्मा चढवला, पाहिलं आणि चष्मा काढला.

"नाताळात याच यंत्रात तुम्ही माझ्या फोटोला मिशा काढल्या होत्या ना, मास्तर?"

"ती गंमत होती, दोन्या सुलमा."

"मग हीपण गंमतच. ज्याला मला मिशा काढता येतात, त्याला मिल्टन काढायला कितीसा वेळ लागतो? जावईबापू काय म्हणतात? टीव्ही खोटं बोलत नाही. त्यात दिसला तर मानीन."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

मिर्ताला सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. सुरी तशीच हातात धरून म्हणाली, "म्हणजे माझ्या भावाला तू कापलास?"

"दोन बोटं," मी म्हणालो.

"मग जोड आता."

दुसऱ्या फेरीचा दिवस. आमच्या पथकाचा पहिलाच क्रमांक, बाहेर अजून ऊन होतं. गल्ली पुन्हा जमलेली, मास्तरही आलेले. मी सगळ्यांदेखत एकोणतीस इंची भिंतीपासून ओढला आणि मागचं झाकण उघडलं. मिर्ता पुढे आरसा धरून उभी राहिली, म्हणजे मला मागून चित्र दिसेल. आतला स्क्रू मी हळूहळू फिरवला. चित्र आक्रसू लागलं. आधी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, मग वर-खाली. माथ्यावर ती पांढरी रेघ थरथरत बाहेर आली.

"अरे, बिघडवलास की!" कुणीतरी ओरडलं.

"नाही," मी टीव्हीमागून म्हणालो. "बिघडवला आधी होता. तुमच्या सगळ्यांचेही बिघडवलेत मी. मास्तरांचा डबा जास्त दाखवतो, हे आता मी एकदाच बोलतोय, पुन्हा बोलणार नाही."

मास्तर या वेळी हसले नाहीत. भला माणूस आहे. पण बटाटा तो बटाटाच.

पथक मंचावर आलं. मी मागेच बसून होतो, आरशात बघत. आरशात सगळं उलटं, म्हणून मला मिल्टन डावीकडे दिसला. सगळे हात एका बाजूला, एक हात भलतीकडे.

मग काठी जमिनीवर आपटली.

"डावरा मेला!" सासूबाई ओरडल्या. "शाळेत असताना हात बांधून ठेवला होता मी याचा! तरी डावाच!" आणि मग त्या रडायला लागल्या, पुढची सगळी गाणी संपेपर्यंत रडत होत्या. माझेही डोळे भरून आले. टीव्हीमागे बसलेलं बरं असतं, कुणाला दिसत नाही.

सकाळी मिल्टन बेकरीतून आला. कानामागे रंग तसाच, हातांना पीठ. त्याला काहीच माहीत नव्हतं. नेहमीसारखा भिंतीकडच्या स्टुलावर बसला. सासूबाईंनी येर्बा भरला, स्वतःचा ओढून संपवला, पुन्हा गरम पाणी घातलं आणि मला, मिर्ताला, दोघांनाही डावलून भोपळा त्याच्यापुढे धरला.

मिल्टन घाबरला. आईला डावा हात आवडत नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यानं घाईघाईनं उजवा पुढे केला.

सासूबाईंनी भोपळा मागे घेतला.

"डाव्यानं घे," त्या म्हणाल्या. "मला कळू दे तूच आहेस ते."